चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही

पेणला हायवेलगत माझं दुकान आहे. नवी गाडी घेतलेला माणूस आत आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वॅक्स मारू, टेफ्लॉन करू, की सिरॅमिक? खरं सांगा हां." मी खरं सांगतो. मेणाचं वॅक्स दिसायला सगळ्यांत देखणं, पण आपल्याकडच्या उन्हात दीड महिना, पावसाळ्यात त्याहून कमी. सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं मेणच, चार-पाच महिने चालतं. टेफ्लॉन शोरूमवाले गळ्यात मारतात. सहा महिने सांगतात, तीन निघतात. सिरॅमिक नीट केलं तर दोन वर्षं, पाच सांगणारा थापा मारतो. आणि दगड उडून टवका जाऊ नये असं वाटत असेल तर वरून पारदर्शक फिल्म चिकटवायची, बाकी कशानंही दगड थांबत नाही. गिऱ्हाईक खूश होतं. "तुमचा अभ्यास दांडगा आहे," म्हणतं. अभ्यास माझा नाही. तो एका माणसाचा आहे. त्याचं नाव मी गिऱ्हाइकासमोर घेत नाही, इथेही घेणार नाही.

ते रोह्याला माझे घरमालक होते. म्हणजे मी त्यांच्या घरात राहत नव्हतो, घराला लागून असलेल्या भाताच्या कोठारात माझं दुकान होतं. त्याआधी मी पेणला गणपतीच्या कारखान्यात स्प्रेगन चालवायचो. शेकडो गणपतींच्या पोटावर एकच गुलाबी रंग मारून कंटाळलो, पनवेलला जाऊन गाड्यांचं पॉलिश शिकलो आणि रोह्याला जागा शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. जागा कशाला हवी, भाडं किती देणार, असलं काही त्यांनी विचारलंच नाही. हाताला धरून अंगणातल्या गाडीपाशी नेलं, छपराच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉनेटवर पडलं होतं ते दाखवलं आणि म्हणाले, "ही नळी इथं सरळ दिसते. इथं थरथरते. का?"

मी म्हटलं, "डावीकडे वॅक्स आहे, उजवीकडे दुसरं काहीतरी."

"सामान आण उद्या," म्हणाले.

गाडी मरून रंगाची. धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि निवृत्त होताना ही गाडी घेतली होती. तिच्या अंगावर त्यांनी कागदी टेप लावून वाटण्या केल्या होत्या. बॉनेटचा डावा अर्धा भाग मेणाचा, उजवा सीलंटचा. टपावर टेफ्लॉन. डावीकडच्या दारांना एका कंपनीचं सिरॅमिक, उजवीकडच्यांना दुसऱ्या कंपनीचं. पुढच्या बंपरवर फिल्म. डिकीला काहीच नाही. डिकी कोरी ठेवली होती, कारण "तुलना करायची तर एक जण नागडा पाहिजे." आणि ही गाडी त्यांनी मुद्दाम उघड्यावर ठेवली होती. छपराखाली काय टिकतं ते शेंबडं पोरही सांगेल, असं त्यांचं म्हणणं. ऊन, खाडीकडून येणारा खारा वारा, कंपन्यांकडून येऊन बसणारे बारीक तपकिरी ठिपके, चार महिन्यांचा पाऊस, सगळं तिनं पाच वर्षं खायचं आणि मग निकाल लागायचा. मी गेलो तेव्हा तीन वर्षं झाली होती.

रविवारी सकाळी ते लॅबचा पांढरा कोट घालून अंगणात यायचे. निवृत्तीनंतरही कोट इस्त्रीचा. हातात तांब्या. प्रत्येक भागावर एक तांब्या पाणी सोडायचं, मनगटातल्या घड्याळात बघायचं, पाणी किती वेळात ओघळलं ते वहीत लिहायचं. मग भिंगानं थेंब बघायचे. थेंब गोल उभा राहिला की पसरला. शेजारच्या बाई कुंपणावर कपडे वाळत घालताना दर रविवारी नेमानं विचारायच्या, "अभिषेक झाला का काका? देव पावला?" ते मान वर न करता सांगायचे, "पावतोय. उजव्या दारावर दोन सेकंद लवकर."

माणूस भेटला की ते आधी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर पालथा हात फिरवायचे, मग नमस्कार. लग्नाला गेले की मांडवात सापडायचे नाहीत, पार्किंगमध्ये सापडायचे. माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाला फैलावर घ्यायचे. "कोरड्या फडक्यानं पुसलीत ना? हे बघा, ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं झालंय सगळं. अहो, स्वतःचं तोंड पुसता का असं?" एकदा एक डॉक्टर चिडून परत गेले. मी काकांना म्हटलं, निदान डॉक्टरांना तरी सोडा. म्हणाले, "डॉक्टर आहे म्हणून तर बोललो. त्याला कातडी कळायला हवी."

मला ते आवडायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. रोह्यात मला कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी माझा हात धरून पॉलिशचं मशीन किती दाबायचं ते शिकवलं. खोटं बोलू नकोस, दोन वर्षं टिकणाऱ्याला दोनच म्हण, हेही त्यांनीच शिकवलं. माझं दुकान चाललं ते त्यांच्या गाडीवर. गिऱ्हाईक आलं की मी त्याला अंगणात न्यायचो, बॉनेटवरची ती सीमारेषा दाखवायचो आणि गिऱ्हाईक गार व्हायचं. ती गाडी म्हणजे माझी पाटी होती.

फक्त ती गाडी कुठे जायची नाही. दर रविवारी अभिषेक झाला की पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करायचे. शोरूमपासून रोह्यापर्यंत आली, तेवढाच तिचा प्रवास. रस्त्यावर गेली की दगड लागणार, माती बसणार, पाच वर्षांच्या नोंदींना काही अर्थ राहणार नाही. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या तपासल्या," म्हणायचे. "तपासलेला माल कुठं गेला, त्याचं काय झालं, कधी कळलं नाही. ही एक गोष्ट शेवटपर्यंत बघणार." त्यांच्या बाजूनं एवढंच सांगण्यासारखं आहे.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्या गाडीत बसून एकदाच एका ठिकाणी जायचं होतं. खांबला, भावाच्या घरी. मोठं काही मागणं नव्हे; रोह्याहून कोलाड आणि कोलाडहून पुढे थोडं. काकू खांबच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. आईवडील लवकर गेले, मागे हा एकच भाऊ. तो दर भाऊबीजेला सायकलवरून रोह्याला यायचा, कॅरियरला वालाची पिशवी बांधून. हायवेचं काम सुरू होऊन रस्त्याची दैना झाली तरी सायकलवरूनच आला. दारात सायकल लावताना गाडीकडे बघून म्हणायचा, "बाय, ही गाडी माझ्या दारात कवा येनार गो?"

"इल, इल," काकू म्हणायच्या. "यांची परीक्षा संपू दे."

दोन-तीन वेळा मी स्वतः ऐकलं, जेवताना काकू विषय काढायच्या. माझं दुपारचं जेवण बहुतेक त्यांच्याकडेच असायचं. "ऐकलंत का, दादा बोलत व्हता..."

"गो, दीड वर्ष राहिलंय. दीड वर्षानं काय खांब उठून जाणार हाय?"

काकू हसून माझ्या पानात आणखी बिरडं वाढायच्या.

आता त्या दिवसाचं.

हस्ताचा पाऊस होता. सकाळी लख्ख ऊन, मग दहा-अकरापासून भरून यायचं आणि कोसळायचं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला मी गाडी माझ्या दुकानात आत घेतली होती. डाव्या दारांवरचं सिरॅमिक संपलं होतं, तसं वहीत लिहून झालं होतं आणि त्या जागी एका नव्या कंपनीचं सिरॅमिक लावायचं ठरलं होतं. त्या कंपनीची एजन्सी मला हवी होती. रोहा ते पेण सगळा पट्टा. त्यांचा माणूस दोन दिवसांनी येऊन गाडी बघणार होता, फोटो काढणार होता. मी जीव ओतून काम केलं. पाच वाजता शेवटचा हात फिरवला आणि काकांना बाटलीवरचं वाचून दाखवलं: चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही. काकांनी वहीत वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खांबहून काकूंच्या भाच्याचा फोन आला. त्याचा आवाज मला दुकानात ऐकू येत होता. "आत्या, तू आत्ताच्या आत्ता निघ. बाबांचं काय खरं नाय. तुझंच नाव घेतायत."

काकू पदर खोचत बाहेर आल्या. हातात पिशवी, तिच्यात काय भरलं होतं कुणास ठाऊक. पाऊस सुरू झालेला. काका माझ्या दुकानात डाव्या दाराशी वाकून भिंगातून बघत होते.

"गाडी काढा," काकू म्हणाल्या.

काका सरळ झाले. "आज?"

"दादा जातोय."

काकांनी पावसाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मी हे सगळं पाहत होतो. "काल पाचला झालंय गो," ते म्हणाले. "पाच वाजता चोवीस तास पुरे होतात. पाचच्या ठोक्याला निघू. आपण दोघं, गाडीनं. तुला दारात उतरवतो."

काकूंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटतं, त्यांचा माझ्यावर भरवसा होता. "तू सांग रे त्यांना. पान्यानं काय व्हतंय? तू सांग."

काय होतं? फार तर डाग पडले असते. मी ते चार तासांत घासून काढले असते आणि पुन्हा बाटली ओतली असती. हे मला ठाऊक होतं. काकांना नसेल कदाचित, ते कागदावरच्या नियमांचे माणूस. मला मात्र ठाऊक होतं. मी तोंड उघडून "काका, काढा गाडी, मी परत करून देतो" एवढं म्हणायचं होतं. पण दोन दिवसांनी कंपनीचा माणूस येणार होता.

"चोवीस तास सांगितलेत, काकू," मी म्हणालो.

काकूंनी दोघांकडे एकदा बघितलं. छत्री उघडली आणि सहा आसनी मिनिडोर रिक्षांच्या स्टँडकडे चालत गेल्या.

माझी मोटारसायकल दुकानाच्या बाहेरच उभी होती. मी त्यांना सोडू शकलो असतो. तेही मनात आलं होतं. न सुचलेली गोष्ट असती तर आज एवढी बोचली नसती. पण साडेअकराला एक गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं, तिचं आतलं साफ करायचं बाकी होतं. मी व्हॅक्यूम चालू केला.

पावसात मिनिडोर भरत नाही आणि भरल्याशिवाय सुटत नाही. स्टँडवर काकू पाऊण तास बसून होत्या, हे नंतर कळलं. कोलाडला पुन्हा बदलायची होती. त्या खांबला पोचल्या तेव्हा भावाला जमिनीवर घेतलेलं होतं.

दीड वाजता भाच्याचा फोन आला. काका ओटीवर बसले. मग म्हणाले, "जायला हवं." मी गाडीची किल्ली घेऊन आलो. त्यांनी किल्लीकडे बघितलं. बाहेर पाऊस चालूच होता. "तुझी मोटारसायकल आहे ना?" ते म्हणाले.

आम्ही मोटारसायकलवरून गेलो. ते मागे रेनकोट घालून, मी पुढे. खांबच्या घरासमोर माणसं जमली होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही उतरलो तेव्हा त्यांनी मोटारसायकलकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्या नजरेत राग असता तरी चाललं असतं. त्या नुसता हिशेब जुळवत होत्या, की ही मोटारसायकल सकाळीही तिथंच होती.

एजन्सी मला मिळाली. कंपनीच्या माणसाला दारं फार आवडली.

पुढच्या वर्षी मी रोहा सोडून पेणला आलो. भांडण झालं नाही, कुणी जा म्हटलं नाही. जेवायला बोलावणं पूर्वीसारखंच यायचं, बिरडं वाढलं जायचं, पण ते गिळवेना. पाच वर्षं पुरी झाल्यावर काकांनी मला वहीची झेरॉक्स पोस्टानं पाठवली, बाइंड करून, पहिल्या पानावर "चि. ... यास, उपयोगी पडावी म्हणून." त्याच वहीच्या जिवावर मी आज लोकांना सल्ले देतो. त्या दिवसाचं पान मी शोधलं. त्यांच्या बारीक, कोरीव अक्षरात लिहिलंय: हस्ताचा पाऊस. गाडी आत. सायं. ५ वा. २४ तास पूर्ण. पाणी नाही, डाग नाही. बाकी एक अक्षर नाही. मेहुणा गेला, बायको पावसात एकटी गेली, यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. ते पान वाचून मला त्यांची इतकी चीड आली की वही फेकून द्यावीशी वाटली. फेकली नाही. धंद्याला लागते.

पण मला सांगायचंय ते दहाव्याचं.

काकू तीन दिवसांनी परत आल्या होत्या आणि घरात सगळं नेहमीसारखं करत होत्या. दहाव्याला खांबला जायचं होतं. आदल्या दिवशी काकांनी स्वतःहून गाडीच्या सीटवरची प्लास्टिकची आवरणं काढली. पाच वर्षांच्या परीक्षेचे आठ-नऊ महिने शिल्लक होते. ते मला म्हणाले, "उद्या तू चालव. माझा हात बसलेला नाही." आवाज बारीक झाला होता. त्यांच्या लेखी ही केवढी गोष्ट होती ते मला समजत होतं. बंपरला दगड लागले असते, दारांना धूळ, सगळ्या नोंदी बिघडल्या असत्या. ते बिघडवायला तयार झाले होते.

सकाळी गाडी दारात लावली. काकांनी मागचं दार उघडून धरलं. काकू पिशवी घेऊन पायऱ्या उतरल्या, गाडीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी या गाडीनं. मी पुढं व्हते." आणि स्टँडकडे चालू लागल्या.

"गो," काकांनी हाक मारली. त्या थांबल्या नाहीत.

आम्ही गाडीत बसून त्यांच्या मागे निघालो. दुसरं काय करणार? स्टँडवर मिनिडोर भरेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. मिनिडोर सुटली तशी तिच्या मागे आम्ही. मागच्या बाकावर, दोन कोळणींच्या मध्ये, काकू आमच्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि आमच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होत्या. मिनिडोरच्या चाकांखालची खडी आमच्या बॉनेटवर उडत होती. एकेक खडा लागला की काकांचा गुडघा हलायचा. मी अंतर ठेवायला गेलो तर म्हणाले, "मागे राहू नकोस. चालू दे तशीच."

कोलाडला त्या उतरल्या आणि नाक्यावर दुसऱ्या गाडीसाठी उभ्या राहिल्या. मी गाडी त्यांच्या अगदी पुढ्यात लावली. काकांनी आतून हात लांबवून मागचं दार उघडलं. एसीचा गारवा बाहेर जात होता. पंधरा मिनिटं ते दार तसंच उघडं होतं. जाणारे-येणारे बघत होते. एवढी चकचकीत गाडी, दार उघडं, समोर बाई उभी आणि बसत नाही. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, तुमची गाडी ना?"

"नाय," काकू म्हणाल्या. "त्यांची."

खांबला पोचलो तेव्हा काकू आत गेल्या होत्या. भाचा बाहेर आला, टक्कल केलेलं, काकांच्या पाया पडला आणि मला अंगणाची कडा दाखवत म्हणाला, "हितं लावा गाडी. जागा हाय. बाबांनी शेवगा तोडून करून ठेवलीय. चार वर्सं झाली. आत्याची गाडी वळंल कशी, म्हणत व्हते."

शेवग्याचा बुंधा जमिनीलगत कापलेला होता. मी गाडी तिथं लावली. पूर्ण वळली, एका फेरीत.

काका गाडीतून उतरले आणि तिथंच उभे राहिले. बॉनेटवर पांढरी धूळ होती, डाव्या बाजूला दोन टवके गेले होते. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. गावातली माणसं गाडीभोवती जमली. "काय चमकते हाय! आजच घेतली का?" कुणीतरी विचारलं. एरवी त्यांनी तासभर प्रवचन दिलं असतं. आज मीच म्हणालो, जुनी आहे.

विधी उरकल्यावर काकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. एक काकांना दिला, एक मला. मग त्यांनी डाव्या दारावर बोट फिरवलं, धुळीत एक रेघ उठली आणि खालून रंग आरशासारखा दिसला.

"हे तू लावलंस ते ना रे?" त्या मला म्हणाल्या.

"हो काकू."

"टिकंल ना?"

मी त्यांना दोन वर्षं सांगितली. खरं तेच सांगितलं.

काकांनी कप खाली ठेवला. एवढ्या माणसांदेखत त्यांनी बायकोला हात जोडलेले मी तेव्हाच पाहिले. "परत जाताना तरी बस गो गाडीत," ते म्हणाले. "आता रोज काढतो. तू सांगशील तिथं नेतो."

काकूंनी रिकामे कप गोळा केले.

"आता मला कुठं जायाचं हाय?" त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.